बापाचा पाजवायचा दगड

पुसदचा एक पेन्शनर मास्तर आपल्या भागातल्या किल्ल्या-देवळांच्या माहितीची पुस्तकं छापतो. ती कोणी मागत नाही. लग्नात आहेर म्हणून तोच देत फिरतो. मी तिसरी शिकलो, पण त्याचं एक पुस्तक बोट ठेवून सगळं वाचलं, कारण त्यात माझं वावर आहे.

वावराच्या धुऱ्यावर, बांधाला, मोहाच्या झाडाखाली एक काळा दगड होता. त्याच्यावर बोटबोट खोल खाचा. मास्तरनं लिहिलं की इथे राजाचे सैनिक लढाईला जाताना तलवारींना धार लावत. धादांत खोटं. त्या खाचा माझ्या बापाच्या हातच्या. जन्मभर त्यानं त्याच दगडावर विळे अन् वखराची लोखंडी पास पाजवली. बापाचा फोटो नाही. सहीही नाही, अंगठा द्यायचा. एवढी एक निशाणी मागं राहिली, ती मास्तरनं राजाले देऊन टाकली.

मी पुसदले गेलतो. त्याच्या ओट्यावर उभ्यानंच म्हटलं, "मास्तर, तो दगड माझ्या बापाचा हाय. पुस्तकात नीट लिहा."

"बाबा, पुरावा काय?"

"मी डोळ्यानं पाह्यलं ना."

"तसं चालत नाही. इतिहासाले कागद लागते."

"मंग तुमच्या सैनिकायचा कागद दाखवा."

त्यानं आतून स्वतःचंच आधीचं पुस्तक आणून दाखवलं.

दसरा झाल्यावर तो वीस-पंचवीस माणसं घेऊन माझी कपाशी तुडवत दगडापाशी आला अन् मी समोर असताना सैनिकायची गोष्ट सांगू लागला. मी विळा काढला, दगडावर पाणी टाकलं अन् खाचेत पाजवू लागलो. पातं बरोबर बसलं. वाटलं, आता तरी याले लाज येईल. तर मास्तर लोकांना म्हणतो, "बघा, त्या सैनिकांच्या वंशजांनी परंपरा अजून जपली आहे." लोकांनी माझे फोटो काढले. एक बाई तर मले मुजरा करून गेली.

दुसऱ्या दिवशी दगडाला साखळी बांधली अन् बैलजोडीनं ओढत घरी आणला. आठ दिवसांत मास्तर दारात हजर.

"ही पुरातन वस्तू हाय. मी तक्रार करतो."

"कर. दगड कोणाच्या घरचा, ते तक्रारीत लिहाच लागंल. बापाचं नाव सांगतो, घे लिहून."

त्यानं पेन काढला नाही. तक्रारही अजून केली नाही. मी वाट पाहून राह्यलो.