घोट्याएवढं पाणी

मी पेणचा, सासुरवाडी रोह्याला, पुलापलीकडे अष्टमीत. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सगळे नदीवर गेलो. मी पँट दुमडून काठावर इतका वेळ उभा राहिलो की शेवटी पाय टाकला तेव्हा मेहुणा म्हणाला, "चला रे, भावजी उतरले म्हणजे पाणी घोट्याएवढंच हाय."

घरात ती म्हणच झाली. नवा डॉक्टर असो की नवी भिशी, मी हो म्हटलं की पाणी घोट्याएवढं. मला त्याचा मानही वाटायचा. भित्रेपणाला एवढी किंमत दुसरीकडे कुठे मिळणार?

गेल्या वर्षी एका दुपारी सासुरवाडीला टीव्हीवर मॅच होती. मेहुण्याने मोबाईलवरच्या अ‍ॅपवर पैसे लावले. त्याच्या दोन्ही चुलतभावांनी त्याच टीमवर लावले. मेहुणा जन्माचा बिनधास्त. हरला तरी दोन घास जास्त जेवतो.

"भावजी, तुमचं पंचांग बघून झालं की सांगा," तो म्हणाला.

मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. पण सगळे भिजलेले असताना एकट्याने कोरडं राहायचीही भीती वाटते. मी पाचशे लावले, त्याच टीमवर.

निडी गावचा माझा साडू, भातशेती करणारा शांत माणूस, सकाळपासून नाय नाय म्हणत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"दादा उतरले व्हय? मग काय भ्यायचं."

मेहुणीच्या शिलाई मशीनसाठी साठवलेले सगळे पैसे त्याने लावले. 'अरे, मी यांचं बघून लावलंय,' एवढंच मी म्हणायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्या खोलीत मला कुणी भित्रा म्हणत नव्हतं.

टीम हरली. मेहुणा हसत जेवायला उठला. साडू दारात चप्पल शोधत राहिला. ती त्याच्या पायातच होती.

मेहुणी अजून शेजारणीच्या मशीनवर, ती रिकामी असेल तेव्हा, ब्लाऊज शिवते. मशीन मी घेऊन देतो म्हटलं, तर साडू म्हणाला, "नको दादा. तुम्ही कुठं सांगितलंत मला लाव म्हणून?"

या उन्हाळ्यात पुन्हा नदीवर गेलो. सवयीप्रमाणे सगळे माझ्यासाठी थांबले. मी उतरलो. साडूने काठावरची एक काठी उचलली, माझ्या शेजारीच पाण्यात रोवली, वर काढून कुठवर भिजली ते पाहिलं आणि मग पाय टाकला.