उपडा ठेवलेला पेला

गवती चहाचा वास आला की मुरबाडच्या शाळेतला स्टोव्ह आठवतो. तीस वर्षांपूर्वी मी आणि माझा बौद्ध सहशिक्षक मित्र त्यावर रोज आळीपाळीने चहा करायचो. गवती पात त्याच्या परसातली. एकदा तो पातीची जुडी घेऊन वैशाखऱ्याला, माझ्या गावी, घरी आला. आईने मला कपबशी दिली आणि त्याला पडवीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला. "गुरुजी, तुमच्या घरचा चहा लय गरम, पेला धरवत नाय," तो हसून म्हणाला. मी माझी बशीसुद्धा पुढे केली नाही. चहा संपवून त्याने पेला स्वतः विसळला, कोनाड्यात उपडा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो स्टोव्हपाशी आला नाही. एसटी स्टँडवर एकटा चहा पिताना दिसायचा. शाळेत मी सांगत राहिलो, "पित्तामुळे चहा सोडला त्याने." आता तो नाही, म्हणून लिहून ठेवतो: त्याने चहा कधीच सोडला नव्हता.