मक्याची शतपावली

विट्याजवळच्या आमच्या गावातून मी निघाले तेव्हा टेम्पोत गादी होती, मिक्सर होता, ज्वारीचं पोतं होतं आणि माझ्या मांडीवर एक डबा होता. डब्यात कापडी पिशवी, पिशवीत मक्या. मक्या म्हणजे माझा कॉर्न स्नेक. केशरी, दोन हात लांब, बिनविषारी, आणि वनखात्याकडे रीतसर नोंद केलेला. हे आधीच सांगते, कारण सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. शेजारची काकी निरोप द्यायला आली ती चार पावलं लांबच उभी राहिली. "आगं, लोकं कुत्रं पाळत्यात," म्हणाली. "आन रडतीस कशाला? सातारा म्हंजी काय लांब हाय व्हय?"

हे मला अजून झोंबतं. आमच्या आळीतल्या निम्म्या घरांना कुलपं आहेत. माणसं सोनं गाळायच्या दुकानांवर, कोण केरळात, कोण आसामात. त्यांच्या जाण्याला गाव जाणं म्हणतं. माझं साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला येणं म्हणजे जणू बाजार करून परत येणं! तुमच्यापैकी कुणी असं जवळच गेलं असेल तर त्यालाच कळेल. तीन तासांवर घर असलं तरी संध्याकाळी कुलूप आपणच उघडायचं असतं.

सोबत अण्णा आले, माझे वडील. फौजेतून रिटायर झालेले, आई गेल्यापासून घरात एकटेच. "आठ दिस ऱ्हातो, तुजं बस्तान बसवतो आन जातो," म्हणाले.

मक्यासाठी मी नवी मोठी पेटी करून घेतली होती. पुढे सरकती काच, एका बाजूला उबेची चटई, लपायला दोन खोपटी, खाली लाकडाचा भुसा. अण्णांनी दारातच डब्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायावर पाणी घालायचं तर पाय नाहीत, म्हणून काचेवर शिंपडलं. नवा बैल आणल्यावर करतात ते सगळं यथासांग. मी हसत बसले. तिथेच चुकले.

कारण अण्णांचं शास्त्र पक्कं. नव्या जनावराला पहिले आठ दिवस एकटं सोडायचं नाही. मानेखाली खाजवायचं, बोलायचं, हाताची सवय लावायची. माणसालाही तेच. "भरती झालो तवा आठ दिस रडलो. कुणी इचारलं न्हाई," हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्यामुळे मला दिवसाला चार फोन. पोचलीस का, खाल्लंस का, निघालीस का, रिक्षा मिळाली का. मशीनवर उभी असताना फोन थरथरायचा आणि सुपरवायझर गालात हसायचा. तिशी गाठलेल्या बाईला बाप विचारतो, डबा खाल्लास का! चिडून बोलले की "बरं, बरं" म्हणायचे आणि तासाभराने पुन्हा फोन.

चौथ्या दिवशी मक्याने उंदीर खाल्ला. मला वाटलं, चला, रुळला. पाचव्या दिवशी सकाळी तोच उंदीर अर्धवट पचलेला, भुशावर पडलेला. वासाने डोकं उठलं. पुण्याच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. "नव्या जागेचा ताण आहे," त्या म्हणाल्या. "दहा दिवस हात लावू नका, खायला देऊ नका. मग उंदराचं एक बारकं पिल्लू द्या. पुन्हा उलटी झाली तर मात्र कठीण आहे."

उशीर होत होता, अण्णांना एवढंच म्हटलं की मक्याला बरं नाही, आणि पळाले. कामात लक्ष लागेना. ऊब कमी पडली का, भुसा बदलला ते चुकलं का? शेवटी अर्धी रजा टाकून घरी आले.

अण्णा गॅलरीत उभे होते. गळ्यात मक्या. "त्यो बग मक्या, अजिंक्यतारा," असं त्याला दाखवणं चाललं होतं. मला बघून म्हणाले, "आजारी हाय म्हनलीस, म्हून हवेला काढला. काल जेवल्यावर बी धा मिन्टं शतपावली केली आमी."

जेवल्यावर! साप जेवला की दोन दिवस त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. माझा पाराच चढला. "पाय तरी आहेत का त्याला शतपावली करायला? नव्या जागी आलेल्याला दहा दिवस एकटं सोडायचं असतं अण्णा! हात लावायचा नाही, सारख्या हाका मारायच्या नाहीत. मरेल तो तुमच्या मायेनं!"

अण्णांनी मक्याला हळूच पेटीत सोडलं, काच लावली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने गेले. चहा करून, झाकून ठेवून गेले.

मग फोन बंद. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. म्हटलं, रुसलेत तर रुसू देत. मीही केला नाही. आई म्हणायचीच, "बापल्योक दोगंबी सारखीच हेकट." लंचला फोन गप्प असायचा. डबा नुसता चिवडून परत आणायचे. घरी आले की पेटीसमोर बसायचे आणि मक्या खोपटीतून नाकही बाहेर काढायचा नाही. इतका राग यायचा की कुणाचा येतोय तेच कळेना.

दहा दिवस भरल्यावर पिल्लू दिलं. मक्याने अंदाज घेतला, गिळलं आणि आत गेला. पुढचे दोन दिवस मी भुसा तपासत राहिले. काही बाहेर पडलं नाही.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी लंचला फोन थरथरला. "म्या गावाकडं येऊन धा दिस झालं पोरी," अण्णा म्हणाले. "आता हाक मारली तर चालंल न्हवं?"

"खाल्लं मक्यानं," मी कसंबसं म्हटलं. "टिकलं पोटात."

"लय ब्येस झालं. पर म्या तुजं इचारतोय."

सगळी कँटीन बघत होती. साताऱ्यात आल्यापासून मी कुणाशी गावच्या बोलीत बोलले नव्हते. "आवं अण्णा," मी रडत ओरडलेच, "आधी सवय लावायची आन मग धा दिस गप बसायचं, ही कुठली रीत?"