खरा मावळा कोण?

पाटलांच्या धाकट्या भावानं माझ्या डोक्यावरची रिकामी पाटी काठीनं पाडली. हातानं पाडायची, तर मला शिवावं लागलं असतं. चुंबळ चिखलात पडली. ती उचलायला आई वाकली, तर त्यानं तिच्या बोटांशेजारी काठी आपटली.

इंग्रजी अंमल होता. लोणावळ्याच्या खालच्या अंगाला, आमच्या खोऱ्यात, विजेची एक कंपनी धरण बांधत होती. जमिनी बुडणार म्हणून गावातले शेतकरी वाटेवर बसले होते. आम्ही महारवाड्यातल्या बाया त्याच धरणावर माती वाहायला जायचो. आम्हाला जमीन नव्हती. पोट होतं.

पुण्याहून एक वकील आला होता. मोठा देशभक्त. त्यानं मला लांबूनच बोटानं खुणावून सगळ्यांसमोर उभं केलं आणि हात वर करून ओरडला, "खरा मावळा!"

लोक गरजले, "धरणावर जात न्हाई!"

"म्हण," तो मला म्हणाला. "तू मावळची असशील तर म्हणशील."

आई हळूच म्हणाली, "म्हण गं बाये. नुसतं बोलायचंच हाय."

मी तोंड उघडलं. आणि परत मिटलं. आमचं खोपट नदीच्या काठाला होतं. पाणी चढलं की पहिलं तेच जाणार होतं. सातबाऱ्यावर आमचं नाव नाही, म्हणून कंपनी आम्हाला हिशेबात धरत नव्हती. आणि ह्यांच्या मागण्यांतही आम्ही नव्हतो.

"सायेब, मी हितंच जल्मले. माजा आजा हितंच गाडलाय. मंग मी कुटली?"

"धरणावर जाणारी मावळची नाही."

"आन् उद्या पाटलांचा पोरगा गेला तर?"

"खरा मावळा असेल तर जाणारच नाही."

"म्हंजी गेला की खोटा, ऱ्हायला की खरा. मंग तुमची घोषणा चुकायची कदी?"

पाटलांचा भाऊ म्हणाला, "लय शानी झाली ही." वाटेवरचं शेण उचलून त्यानं माझ्या तोंडावर फेकलं. शेणाचा त्याला विटाळ नव्हता.

लोक हसले. आई रडायला लागली. मी पदरानं तोंड पुसलं.

"धरान मला बी नको. बुडणाऱ्या घरांत आमची घरं धरा. मंग मी तुमच्यासंगं वरडते."

वकील म्हणाला, "आधी जमिनीचं होऊ दे. तुमचं नंतर बघू."

"मंग मी बी नंतरच वरडंन."

त्या दिवसापासून मी धरणावर गेले नाही आणि त्यांच्यातही बसले नाही. आमच्या महारवाड्यातली माणसं घेऊन रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. शेतकरी आम्हाला फितूर म्हणाले. कंपनीच्या मुकादमानं आमच्यावर शिपाई घातले. धरण झालं. सगळ्यांचंच बुडालं. त्यांना थोडीफार भरपाई मिळाली, आम्हाला नाही.

आता म्हातारी झाले. अजूनही कुणी ना कुणी येतं, हात वर करतं आणि खरं कोण, खोटं कोण ते सांगायला लागतं. मी पुढं जाऊन विचारते, ह्यात आम्ही कुठं? त्याला सांगता आलं नाही, तर मी त्याच्या घोषणेला तोंड उघडत नाही. आणि उठूनही जात नाही. तिथंच, त्यांच्यासमोर, बसून राहते.