लँकेस्टरच्या धक्क्यावर, पळणाऱ्या बाईच्या वाटेत

लग्नाच्या वाढदिवसाला कुठे जायचं, हा प्रश्न यंदा आमच्या हिने, म्हणजे नंदाने, आमच्या पूर्व लंडनमधल्या इल्फर्डच्या लायब्ररीत सोडवला. तिथे एका संध्याकाळी गुलामगिरीवर व्याख्यान होतं. मी चहा-बिस्किटांवर डोळा ठेवून मागे बसलो होतो. गुलामी म्हणजे अमेरिकेतले कापसाचे मळे, एवढंच माझं ज्ञान. पण जहाजांचे कप्तान वेस्ट इंडिजमधून गुलाम माणसं थेट इंग्लंडातल्या आपल्या घरी नोकर म्हणून आणायचे आणि त्यातली काही पळून जायची, हे तिथे पहिल्यांदा ऐकलं. लँकेस्टरला अशाच एका पळण्याचा खेळ होतो, असंही व्याख्यात्या बाई म्हणाल्या. तो नुसता बघायचा नाही, त्यात आपणही उतरायचं. घरी पोचेपर्यंत नंदाचं फोनवर बुकिंग झालेलं!

"अहो, दुकान दोन दिवस मुली सांभाळतील," तिने जाहीर केलं. आमचं साड्यांचं दुकान आहे. सोलापूरहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात गठ्ठे उचलत होतो. आता माझ्या दुकानात चार जणी कामाला आहेत, आणि त्या मालकापेक्षा मालकिणीचं जास्त ऐकतात.

लंडनच्या युस्टन स्टेशनहून थेट गाडी मिळते, अडीच तासांच्या आसपास. जोडीने जाणार असाल तर दोघांचं रेलकार्ड काढाच, तिकिटाचा तिसरा हिस्सा वाचतो. अट एवढीच की दोघांनी बरोबर प्रवास करायचा. भांडण झालं तरी मध्येच एकाला उतरता येत नाही.

शुक्रवारी दुपारी पोचलो. स्टेशनजवळ साधं बी अँड बी, म्हणजे खोली आणि सकाळची न्याहारी, घेतलं होतं. शाकाहारी मंडळींनी इथला बटर पाय जरूर खावा, मैद्याच्या खुसखुशीत पारीत भाजलेला बटाटा आणि कांदा. नंदाने एक घास घेतला. "ही बटाट्याची भाजीच आहे, फक्त फोडणी द्यायला विसरलेत." मग पर्समधून शेंगदाण्याची चटणी निघाली आणि पाय सोलापूरचा झाला.

संध्याकाळी लून नदीच्या धक्क्यावर फिरलो. जुनी दगडी गोदामं आता फ्लॅट झालीत, बाल्कनीत सायकली, खिडकीत कुंड्या. इथे साखर, रम, महोगनी उतरायची, आणि इथून निघालेली जहाजं आफ्रिकेत जाऊन माणसं भरायची. एवढी शांत नदी, हवा छान, हातात आइस्क्रीम. जरा अवघडल्यासारखं झालं, पण आइस्क्रीम संपवलं.

खेळ शनिवारी, त्याच धक्क्यावर, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. ज्याला जे परवडेल ते द्यायचं. आम्हा वीसेक जणांना गावकरी केलं. मी पाववाला, नंदा धोबीण. आयोजक बाईंनी जुन्या वर्तमानपत्रातली जाहिरात वाचली. कप्तानाच्या घरातून निळ्या झग्यातली काळी नोकराणी पळाली आहे, आणून देणाऱ्याला इनाम. ती टेकडीवरच्या घरातून निघून धक्क्यावरच्या होडीपर्यंत पोचली तर सुटली. मात्र आमच्यातच एक जण कप्तानाचा माणूस होता. कोण, ते गुपित.

ती आली. ग्रेस नावाची नटी, तिशीतली, खांदे आवळून चालणारी. नेमकी माझ्या पावांच्या टेबलाशी थांबली. मी हसलो, तीही हसली. आणि मी दुकानातल्या आवाजात विचारलं, "काय गं, नवीन दिसतेस! कुठून आलीस? कुणाच्या घरी असतेस?"

ती अडखळली. शेजारी मघापासून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारणाऱ्या गृहस्थाने मान वळवली आणि तिचं मनगट धरलं. कप्तानाचा माणूस तोच! घंटा वाजली. खेळ खलास.

"अहो, दिसेल त्याचं गाव विचारायची काय ही सवय!" धोबीण कडाडली. सगळे हसले. मीही हसलो, पण ग्रेस त्या माणसामागे खाली मान घालून टेकडी चढत होती, ते काही बघवेना.

चहाच्या वेळी तिला गाठलं. "रागावलीस?"

"छे हो! बहुतेक वेळा मी अशीच सापडते," ती कपात फुंकर मारत म्हणाली. "दुष्ट दिसणाऱ्यांपासून मी आधीच लांब राहते. थांबते ती हसणाऱ्यांपाशी."

मी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. आयोजक बाईंना म्हटलं, दुपारच्या खेळालाही घ्या. जागा होत्या.

दुपारी मी मासेवाला झालो. कप्तानाचा माणूस बदललेला. ग्रेस आली, माझ्यासमोर क्षणभर घुटमळली. जीभ शिवशिवत होती! मी पाठ फिरवून मासे मांडत बसलो. ती पुढे सरकली. होडी अजून बरीच लांब होती, आणि तेवढ्यात लोकरी टोपीतल्या एक गोड आजी जवळ आल्या. "बाळा, निळ्या झग्यातली मुलगी दिसली का रे?"

अच्छा, म्हणजे या!

"निळा म्हणजे कुठला, मॅडम?" मी सुरू झालो. "आकाशी? मोरपंखी? की धुऊन विटलेला?"

"साधा निळा."

"साधा निळा असा नसतोच. काठ होता का?"

"काठ?"

"काठावरून लगेच सांगता येतं. हे बघा, तुमच्या टोपीतच दोन निळे आहेत..."

आजींनी टोपी काढून खरंच पाहिली. तिकडे होडीची घंटा वाजली. गावकऱ्यांनी टाळ्या पिटल्या, नंदाने शिट्टी मारली. तिला शिट्टी येते, हे मला त्या दिवशी कळलं. ग्रेसने मात्र मागे वळून पाहिलं नाही. पळणारी बाई आभार मानायला थोडीच थांबणार?

निघताना आयोजक बाईंना विचारलं, "जाहिरातीतल्या त्या खऱ्या बाईचं पुढे काय झालं?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही. त्या जाहिरातीनंतर तिचा कुठे उल्लेखच नाही. खूप शोधलं."

परतीच्या गाडीत तेच डोक्यात. होडी मिळाली असेल? की थंडीतच कुठे गारठून गेली? रविवारी रात्री इल्फर्डच्या घरी बॅग रिकामी करतानाही माझं चालूच होतं. शेवटी नंदा कपड्यांची घडी घालत म्हणाली, "एवढं शोधून यांना नाही सापडली. कप्तानालाही नसेल सापडली."

तसं असेलच असं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच त्याच्या गावाचं नाव काढून घेणारा मी, कुणाचा ठावठिकाणा लागला नाही म्हणून समाधानाने झोपलो.