स्वतःच्या पुढची दोन टिंबं

मी मूळची वाईची, विश्वकोशाच्या गावची, त्यामुळे शुद्धलेखनाचा आजार लहानपणापासूनचा. नोकरी मात्र लागली मिरजेच्या पूर्वेला, द्राक्षबागांच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत. मिरजेत राहते, रोज स्कूटीवरून शाळेला जाते, आणि तिसरीच्या वर्गाला ऱ्हस्व-दीर्घ शिकवते. पोरांना ते फारसं लागत नाही, पण मी काही सोडत नाही.

त्या वर्षी उन्हाळी सुट्टी लागण्याआधी पालकांना सूचना लिहून पाठवायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातलं. "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे," असं ते म्हणाले की काहीतरी काम येणार हे मला ठाऊक असतं, तरी मी दर वेळी खुलते आणि दर वेळी फसते.

आमच्या भागात सुट्टीतली खरी धास्ती शेततळ्यांची. बागेला पाणी हवं म्हणून शेताच्या कडेला मोठा चौकोनी खड्डा खणतात, त्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि पाणी साठवतात. वरून दिसायला इतकं देखणं, की मोठ्या माणसालाही पाय सोडून बसावंसं वाटेल. पण कडा उतरत्या आणि तो कागद शेवाळानं बुळबुळीत झालेला. आत पडलेल्याला धरायला काही म्हणजे काही सापडत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा वर येऊ शकत नाही, दमतो आणि जातो. नेमकं सुट्टीतच बागांची छाटणी चालू असते, मोठी माणसं दिवसभर वेलींखाली वाकलेली असतात आणि पोरं मोकाट.

मी लिहिलं: "शेततळ्याकडे पाल्यास एकटे पाठवू नये. कोणी पाण्यात पडल्यास स्वतः उडी मारू नये. दोर, साडी किंवा ठिबकची नळी टाकावी व मोठ्याने ओरडून मदत मागावी."

चौथीचे सर वाचून म्हणाले, "मॅडम, ही सूचना आहे का कोर्टाची नोटीस?" मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पालकांच्या ग्रुपवर मजकूर पाठवून दिला.

उत्तरं भराभर आली. मी खूश. "ठिक आहे म्याडम." "हो म्याडम काळजि घेतो." एका ट्रॅक्टरवाल्या वडिलांनी होकाराबरोबर केकचं आणि डायनासोरचं चित्रही पाठवलं होतं. तिथं मला पहिली शंका आली. मग 'काळजि'तला ऱ्हस्व 'जि' नीट बघितला. अहो, तो 'जि' मी वर्षभर लाल पेनानं लांब करत आले होते! सकाळची शाळा सुटली की आईबापांचे फोन पोरांच्याच हातात असायचे. पालकांच्या नावानं माझा अख्खा वर्ग उत्तरं देत होता. मी डोक्याला हात लावला. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, "उत्तरं आली ना? झालं तर मग." मला असा संताप आला की काही विचारू नका.

दुपारी एका आईच्या नंबरवरून आवाजातला निरोप आला. आवाज आईचा नव्हता, माझ्याच वर्गातल्या एका मुलीचा होता. तिचे वडील सैन्यात, लांब उत्तरेला. घरी आई आणि आजी, त्या दोघीच बाग सांभाळतात. पोरगी वाचायला फार सावकाश. ओळीखाली बोट ठेवून वाचते आणि जोडाक्षर आलं की तिथंच थांबते. बाकीचा वर्ग धडा संपवून खिडकीबाहेर बघायला लागतो, तरी हिचं बोट त्या अक्षरावरच. कळल्याशिवाय ती पुढं सरकतच नाही.

"म्याडम," ती म्हणत होती, "तुमी स्वत लिवलंय न्हवं, त्याच्या फुडं दोन टिंबं हायती. ती कशाची?"

ही सूचना तुझ्यासाठी नाही, ती आईला वाचायला दे, असं मी बोलणार होते. पण प्रश्न शुद्धलेखनाचा होता, तिथं माझा नाइलाज. मी सांगितलं, "ते स्वतः आहे. तुम्ही सोता म्हणता ना, तेच. दोन टिंबं दिसली की शेवटी हलका श्वास सोडायचा, ह म्हणताना सोडतो तसा."

लगेच निरोप आला. "स्वत... ह." पुन्हा एक. "स्वतह." मग, "म्याडम, म्हंजी कुणी पडलं तर मी सोता उडी मारायची न्हाई?"

"नाही मारायचीस."

"आन् मला पवाय येत आसलं तर?"

"तरी नाही."

"बरं."

आमच्या भागातली माणसं बोलताना 'ह' कुठंतरी टाकूनच येतात. आम्ही नाही, आमी. अशा गावातली पोर भर दुपारी विसर्गाचा श्वास घोटून पाठ करते आहे, याचं मला हसू आलं. घरी सगळ्यांना तो आवाज ऐकवला.

संध्याकाळी मी एकेका घरी फोन लावला. बाया दमून आलेल्या, तरी नीट ऐकून घेत होत्या. या मुलीची आई म्हणाली, "आवं म्याडम, तुमचा म्यासेज पाठ झालाय आमाला. मी भाकरी थापतीया आन् ही शेजारी बसून त्येच म्हनतीया." मला बरं वाटलं. निदान एका घरात तरी पोचलं म्हणायचं.

मे अर्ध्यावर आला असेल तेव्हा त्याच आईचा फोन आला. ती रडत होती का हसत होती ते कळेना. "म्याडम, पोरीनं वाचीवलं वो," एवढंच पुन्हा पुन्हा. मी गॅस बंद केला आणि तशीच उन्हात स्कूटी काढली.

झालं होतं ते असं. मुलीची आत्या पुण्याहून माहेरपणाला आली होती, तिचा दहा वर्षांचा मुलगाही आला होता. तो पोहण्याच्या क्लासला जायचा, पाण्यात घालायचा चष्माही बरोबर घेऊन आला होता. आम्ही गावातल्या घराघरांत कळवलं, पण सुट्टीत पाहुणी येणारी पोरं कुठल्या ग्रुपवर असणार? त्यानं शेततळं बघितलं आणि त्याला तो पोहायचा तलावच वाटला. ही म्हणाली, म्याडमनी नको लिवलंय. तो हसला, तारेच्या कुंपणाखालून आत शिरला, आणि ही त्याच्या मागं गेली. तो उतरून मजेत पोहला. मग बाहेर यायला गेला तर हात घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला. काठावर ही एकटी, वयानं आणि अंगानं त्याच्याहून लहान.

कडेला ठिबकच्या जुन्या नळीचं वेटोळं पडलं होतं. तिनं एक टोक कुंपणाच्या लोखंडी खांबाला गुंडाळलं, गाठ मारली आणि उरलेलं वेटोळं पाण्यात ढकललं. त्याला नळी सापडली. मग ती ओरडत सुटली. बागेतल्या बाया धावल्या, त्यात तिची आई पहिली. त्यांनी साड्या पाण्यात सोडून त्याला वर ओढलं.

मी गेले तेव्हा नळी खांबाला तशीच होती. मी ती गाठ ओढून बघितली. घट्ट होती. उन्हाचे चटके बसत होते तरी मला तिथून हलवेना. नळी टाका असं मी लिहिलं होतं. बांधा असं कुठं लिहिलं होतं? मी मागं उभ्या असलेल्या आजीला विचारलं, "हे तिला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. म्हनली, त्यो जड हाय, माज्या हातातनं नळी गेली आसती."

मी आजवर कितीतरी मुलांना वाचायला शिकवलं. वाचणं म्हणजे काय हे मला त्या खांबापाशी कळलं असं वाटतं. मी नोटिशीसारखं काहीतरी लिहिलं, आणि एका पोरीनं ते अक्षर न् अक्षर खरं धरलं. जिथं माझे शब्द संपले तिथून पुढचं तिनं स्वतःच्या डोक्यानं केलं. मी अक्षरशः थक्क झाले. थोडी भीतीही वाटली, आपण किती बेफिकीरपणे लिहीत असतो याची.

घरी पुण्याचा पोरगा टॉवेल पांघरून बसला होता. ती दाराआड उभी होती, माझ्याकडे बघायला तयार नाही. मला वाटलं, लाजत असेल. मी खाली बसले तशी तिचे ओठ थरथरायला लागले.

"म्याडम, तिकडं एकटं जायचं न्हाई आसं बी लिवलं हुतं. आमी गेलो."

"असू दे गं."

"त्यो मला ये म्हनत हुता. माजं नाव घिऊन वरडत हुता."

मी तिचा हात हातात घेतला.

"मी काटावर बसले हुते. पाय बी फुडं केला हुता." ती थांबली. वर्गात जोडाक्षरापाशी थांबते तशीच थांबली. मग तिनं तोंड वर केलं आणि स्वच्छ म्हणाली, "स्वतः." शेवटी हलका श्वास सोडला, मी सांगितला होता अगदी तसा. "त्ये आठवलं. मंग पाय मागं घ्येतला."

मी तिला जवळ ओढलं. ती आता रडत होती, आणि तिचा गरम श्वास माझ्या मानेला लागत होता.