सुरतला न गेलेला खडा

दामिनी कापगते सहावीत असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकात मी तिला झाडाचं काम दिलं होतं. बाकीच्या झाडांनी अंगाला हिरवा कागद गुंडाळला आणि ती गप्प उभी राहिली. दामिनी मात्र तालमीनंतर माझ्या टेबलापाशी येऊन थांबली.

"कोणतं झाड, बाई?"

"कोणतंही."

"कोणतंही असं झाड नसते जी."

ती भांडत नव्हती. फक्त जागची हलत नव्हती. शेवटी सुटका करून घ्यायला मी म्हटलं, "मोह." संमेलनाच्या दिवशी ती वाळलेल्या मोहफुलांची माळ केसांत घालून आली आणि रंगमंचावर असा काही वास सुटला की राजा झालेल्या मुलाला शिंका आवरेनात.

आता दामिनी देवरीकडच्या एका दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डात नर्स आहे. आवाज तसाच हळू आहे आणि हलत नाही तेव्हा तशीच हलत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावची शाळा सोडून मी गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्याला राहायला आले, तरी देवरीच्या बसमधून उतरल्यावर ती अधूनमधून डोकावते. धान कापून झाले होते, तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एके दुपारी ती आली आणि पाणीही न घेता म्हणाली,

"बाई, माझा खडा सुरतले जाऊन राहिला. उद्याच."

तो खडा मला ठाऊक होता. तिच्या शामकला आत्याच्या अंगठीतला तो हिरा. शामकलाबाई आमच्या भागात सुईण होती. एका मालगुजाराच्या घरी आडवं आलेलं मूल तिनं सुखरूप बाहेर काढलं, तेव्हा त्या घरच्या सुनेनं स्वतःच्या बोटातली अंगठी काढून तिला दिली. शामकलाबाईनं ती कधी विकली नाही आणि कधी तिजोरीतही ठेवली नाही. बाळंतपणाला जाताना बरोबर न्यायची, बोटातून काढायची, दिव्याशेजारी ठेवायची आणि कळा देणाऱ्या बाईला सांगायची, "इकडे तिकडे नको पाहू, माय. खड्याकडे पाह्य." कित्येक गावांत तिला नावानं कोणी ओळखतच नव्हतं. खडेवाली बाई म्हटलं की कळायचं.

दोन वर्षांपूर्वी शामकलाबाई गेली. जाण्याआधी अंगठी दामिनीला दिली. कडं झिजून पार तारेसारखं झालं होतं. साक्षगंधाची अंगठी मुलाकडून यायची असते, म्हणून दामिनीनं होणाऱ्या सासूबाईंना एवढंच सांगितलं होतं की सोनं तुमचं, पण खडा हाच बसवा. सुशिलाबाई परशुरामकर, म्हणजे हिमांशूची आई, हो म्हणाल्या. त्या कुडव्यातच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात; दामिनी त्यांना मामी म्हणते. खडा त्यांनी स्वतः सराफाकडे नेऊन दिला होता.

"मग सुरतला कशाला चाललाय?"

"नव्या पद्धतीनं कापून आणायले. सराफ शेठजींचा फोन आला, अंगठीचं माप विचारायले. त्यांच्या तोंडून निघून गेलं. मामीनं सांगितलं म्हणे, मले चकित करायचं होतं. खर्चही त्याच करून राहिल्या. राग कसा येईल, बाई? प्रेमानं करून राहिल्या. पण एकदा कापला का कापला. मागं थोडीच येते?"

"हिमांशू काय म्हणतो?"

"दोन्ही चांगले दिसतात म्हणते." दामिनीला हसू आलं. "त्याले विचारणं म्हणजे कोणतंही झाड."

तिचे वडील उदाराम यांना सराफ्यात पाऊल टाकायचं म्हटलं की घाम फुटतो. म्हणून मी चपला घातल्या. वाटेत दामिनीनं सुशिलाबाईंना फोन करून तिथंच बोलावलं. काही लपवाछपवी नाही. जे बोलायचं ते त्यांच्यासमोर.

हिरालाल शेठ यांचं दुकान गोंदियाच्या बाजारात आहे. शेठ जाडे, शांत, बोलणं निम्मं हिंदी. आम्ही पोचलो तेव्हा सुशिलाबाई आधीच गादीवर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पडलेला होता.

"सांगून टाकलं ना, शेठजी? तुमच्या पोटात पाणी राहत नाही."

"भाभीजी, मैंने तो सिर्फ साइज पूछा था."

"मामी," दामिनी त्यांच्या शेजारी बसली, "तुम्हांले खड्यात काय वाईट दिसलं ते मले सांगा ना."

सुशिलाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अवं, त्याले भोक हाय. मधोमध. मी डोळ्यानं पाहिलं. कोणीतरी पाडलेलं हाय ते. फुटकी वस्तू सुनेच्या बोटात घालू का मी?"

शेठजींनी पुडी सोडली. पांढऱ्या कागदावर शामकलाबाईचा खडा ठेवला आणि त्याच्या शेजारी, साधारण तेवढाच, नव्या घडणीचा एक हिरा. मग भिंग सुशिलाबाईंच्या हातात दिलं.

भिंगातून मीही पाहिलं. नवा हिरा अगदी गोल, जसा काही कंपासानं आखलेला. पैलू बारीक आणि पुष्कळ, सगळे सारखे, खाली सुईसारखं टोक. जुना धड गोलही नाही, धड चौकोनीही नाही, भरलेल्या उशीसारखा. माथा उंच, पैलू मोठे आणि थोडे, एखादा शेजारच्यापेक्षा जरा रुंद. रंगात तांदळाच्या पेजेएवढी पिवळी झाक. आणि खाली टोकच नाही. तिथं इवलासा सपाट भाग. वरून पाहिलं की तोच मधोमध काळपट ठिपक्यासारखा दिसत होता.

"यह छेद नहीं है, भाभीजी," शेठजी म्हणाले. "पुराने कारीगर हाथ से घिसते थे. नोक टूट जाती है करके नीचे थोड़ा सपाट छोड़ देते थे. जान-बूझकर."

"म्हणजे कोणी पाडलं नाही?"

"किसी ने नहीं."

"आणि कापला तर?" दामिनीनं विचारलं.

"माथा उतरेगा, गोल होगा, नोक आएगी. वजन जाएगा, समझो तीसरा हिस्सा. चमक बढ़ेगी, यह मैं झूठ नहीं बोलूंगा."

दामिनीनं दोन्ही हिरे आलटून पालटून चिमट्यात धरले. दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांत नव्या हिऱ्यानं लखलखाट केला. जुना त्याच्यापुढं झोपाळलेला दिसत होता.

"नवा जास्त चमकते," ती म्हणाली.

"मी काय म्हणून राहिली मग!" सुशिलाबाई एकदम सरसावल्या.

"थांबा, मामी." दामिनी दोन्ही हिरे कागदावर घेऊन दारापर्यंत गेली. शेठजी घाबरून पाठोपाठ गेले. बाहेरच्या उजेडात अंतर जरा कमी झालं, पण नवाच पुढं होता. तिनं तेही कबूल केलं. मग आत येऊन बसली आणि म्हणाली, "शेठजी, लाइट बंद करा एक मिनिट."

"क्या?"

"सगळे. आणि शटर खाली घ्या."

"बेटी, सराफे में दिन में लाइट बंद नहीं करते! बाहरवाले समझेंगे या तो छापा पड़ा या मैं मर गया."

"मी सांगीन बाहेर, जिवंत हाय म्हणून."

"कायले पण?" सुशिलाबाई वैतागल्या.

"हा खडा कापला तेव्हा ट्यूबलाइट होती का, मामी? ज्या उजेडासाठी कापला त्या उजेडात तर पाहू द्या त्याले."

शेठजींनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी काय करणार? मला मोहफुलांचा वास आठवत होता. ती तिथून उठणार नाही हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी सुस्कारा सोडून दरवानाला हाक मारली. शटर खाली आलं. दिवे गेले. लक्ष्मीच्या तसबिरीपुढं तेवढी समई राहिली. दामिनीनं ती उचलून गादीजवळ ठेवली आणि दोन्ही हिरे तिच्यासमोर फिरवले.

नव्या हिऱ्यातून बारीक ठिणग्या उडत होत्या, फोडणीत मोहरी तडतडावी तशा, सगळ्या एकदम. जुन्याचं काम सावकाश चाललं होतं. एक पैलू पेटायचा, तांबडा व्हायचा, विझायचा, मग पलीकडचा जागा व्हायचा. राखेखालच्या निखाऱ्यावर कोणी हळूहळू फुंकर घालावी तसं. बाळंतिणीला इकडंच पाहा म्हणून का सांगत असेल शामकलाबाई, ते मला त्या दिवशी समजलं. त्याच्याकडे पाहता पाहता श्वास आपोआप लांब होत होता.

सुशिलाबाई वाकून समईजवळ आल्या. मग, मुलगी पाहायला गेलेल्या बाईनं द्यावा तसा निकाल त्यांनी दिला. "रंगानं जराशी दबली हाय. पण डोळे बोलके आहेत."

शेठजींनी लगेच दिवे लावून शटर उघडायला सांगितलं.

"पण मांडवात हॅलोजन राहतील, दामिनी," सुशिलाबाई म्हणाल्या. "समई घेऊन कोण फिरेल? बाया हात हातात घेतील, भोक पाहतील, आणि जन्मभर बोलतील. तुले माहीत नाही. माझ्या साक्षगंधात सासूनं पाटली घातली. डाग देऊन जोडलेली होती, मले का ठाऊक? एका बाईनं पाहिलं. तीस वर्षं झाली, तिकडच्या बायांसाठी मी अजून जोडपाटलीवाली. तुह्या वाट्याले नको म्हणून मी हे करून राहिली."

हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नसावं. दामिनीनं त्यांचा हात धरला आणि तो धरूनच बोलली.

"मामी, तुम्ही कोहळी, आम्ही कोहळी. आपल्या लोकांनी तलाव बांधले. पाळीत पाणी सोडायले मुद्दाम भोक ठेवलं, तुडूम म्हणतात त्याले. त्याले कोणी फुटका तलाव म्हणते का?"

"मोठी आली शहाणी. तलावातलं पाणी धानाले सोडावं लागते. हिऱ्यातला उजेड कोणत्या बांधीत सोडतेस?"

शेठजी खो खो हसले. दामिनीही हसली. मग तिचा आवाज पुन्हा खाली आला.

"बरं, तुडूम राहू द्या. आत्यानं ज्या बायांले खडा दाखवला, त्या बायांनी पाहिला तो हा. कापून आला का महागाचा होईल, चांगला होईल, पण तो त्यांनी पाहिलेला नसेल. मले तो नको. तुम्ही नाहीच म्हणाल तर मी साध्या सोन्याची अंगठी घालीन तुमच्या हातून, आनंदानं घालीन. पण हा मी कापू देणार नाही."

"आणि बाया बोलल्या तर?"

"मी सांगीन त्यांले."

"कोणाकोणाले सांगशील?"

"जी विचारील तिले. न विचारणारीलेही सांगीन. तुम्हांले कोणी बोलायच्या आधी मी सांगीन."

सुशिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांपूर्वी आपल्या बाजूनं असं बोलणारं कोणी नव्हतं, हे त्यांच्या मनात आलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी कागदावरचा जुना खडा स्वतःच्या बोटांनी उचलला, पुडीत गुंडाळला आणि दामिनीच्या तळव्यावर ठेवला.

"शेठजी, सुरतवाल्याले नाही म्हणून सांगा. सुनेपुढं माझं आतापासूनच असं होऊन राहिलं."

घडणीवरून पुन्हा थोडी ओढाताण झाली. शेठजींना खडा उंच नख्यांवर बसवायचा होता, उजेड चारी बाजूंनी शिरावा म्हणून. दामिनीनं सांगितलं, खाली बसवा आणि भोवती सोन्याचा काठ द्या. ड्यूटीवर अंगठी काढूनच ठेवीन, पण घरी येता-जाता पोराबाळांना, कपड्यांना नख्या लागायला नकोत. यावर सुशिलाबाईंनी मान डोलावली. फक्त सोनं जरा जास्त घ्या म्हणाल्या.

साक्षगंध गोरेगावजवळच्या दामिनीच्या गावात, उदारामच्या अंगणात झालं. हॅलोजन होते, बँडही होता. हिमांशूनं अंगठी घातली आणि पुढच्या क्षणापासून दामिनीचा हात तिचा राहिला नाही. एकीकडून दुसरीकडे जात होता. प्रत्येकीला ती सांगत होती: जुना कट आहे, हातानं घासलेला, खाली सपाट ठेवायची पद्धत होती, शामकला आत्याचा आहे. बँड वाजत होता आणि तिचा तो हळू आवाज. समोरच्या बायका माना हलवत होत्या, पण निम्म्यांना ऐकूच गेलं नसणार. तरी ती पुढच्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागे. एका म्हातारीला मात्र सांगावं लागलं नाही. तिनं खडा पाहिला, कपाळाला लावला आणि नाव न घेता म्हणाली, "मह्या दोन्ही पोरांच्या वेळी हाच होता."

सुशिलाबाई सुनेच्या खांद्याशी उभ्या होत्या. चेहरा ताठ, नजर येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडावर. शेवटी त्या ज्या बाईची वाट पाहत असाव्यात ती आली. त्यांच्या सासरकडचीच, अंगावर भरपूर दागिने. तिनं दामिनीचं बोट हॅलोजनकडे वळवलं, डोळा बारीक केला आणि बँडच्याही वर आवाज काढला.

"सुशिले! खड्याले भोक हाय वं!"

दामिनीनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी सुशिलाबाई बोलल्या.

"भोक नव्हे, तुडूम हाय. जुने कारीगर ठेवत होते, खडा नीट राहावा म्हणून. आता कोणाले जमते?" आणि त्या बाईचा दागिन्यांनी भरलेला हात धरून त्यांनी तो तिच्याच डोळ्यांपुढं उचलला. "पाह्य बरं, तुह्या अंगठीत हाय का?"

ती बाई खरोखरच आपली अंगठी उजेडाकडे धरून शोधू लागली.